लेबलिंग मशीनला एन्कोडर बसवण्याआधी

लेबल कधी दोन मिलिमीटर पुढे, कधी मागे पडत असेल, तर एन्कोडर (शाफ्ट किती फिरला ते पल्समध्ये, म्हणजे विजेच्या छोट्या ठोक्यांत सांगणारा सेन्सर) मागवण्याआधी तो कुठे बसणार ते ठरवा. मोटरच्या शाफ्टवरचा एन्कोडर मोटर किती फिरली एवढंच सांगतो. गिअरबॉक्समधली ढिलाई आणि ड्रमवर घसरणारा पट्टा त्याला दिसत नाही. बाटली पट्ट्यावर उभी आहे, तेव्हा मोजायचा तो पट्टाच. स्प्रिंगच्या दाबाने पट्ट्यावर टेकणारं मेजरिंग व्हील, म्हणजे एन्कोडर फिरवणारं मोजचाक, सर्वांत बरं. स्लॅट चेनवर (सुट्या पट्ट्या जोडून केलेल्या साखळीवर) मात्र ते चाक उड्या मारतं, तिथे एन्कोडर ड्राइव्ह स्प्रॉकेटच्या, म्हणजे साखळी ओढणाऱ्या दातेरी चाकाच्या शाफ्टवर लावा.

मग हिशेब. 200 मिमी घेराचं चाक, फेऱ्याला 1000 पल्स देणारा एन्कोडर, आणि ए-बी चॅनेलच्या (एन्कोडरच्या दोन सिग्नलांच्या) सगळ्या कडा, म्हणजे प्रत्येक चढ-उतार, मोजल्या तर 4000 काउंट, म्हणजे काउंटमागे 0.05 मिमी. पट्टा मिनिटाला 30 मीटर धावत असेल तर सेकंदाला 10,000 काउंट येतात. पीएलसीच्या (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) साध्या इनपुटला हे झेपत नाही, हाय-स्पीड काउंटर लागतो. केबल शिल्डेड घ्या आणि व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) वायरपासून लांबून न्या.

एन्कोडर शाफ्टला जोडणारं कपलिंग फ्लेक्सिबलच हवं. त्याचे ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे छोटे स्क्रू) आवळल्यावर शाफ्टपासून कपलिंगवर मार्करने एक सलग रेघ ओढून ठेवा. पुढे कधी रेघ तुटलेली दिसली, की कपलिंग सरकलंय हे कुठलंही मीटर न लावता कळतं.

पट्ट्यावर खूण करून बरोबर एक मीटर चालवा. 20,000 काउंट यायला हवेत. जास्त आले तर चाक घासलंय का बघा.

ट्रायल एका स्पीडवर उरकू नका, खरी परीक्षा इथेच आहे. स्पीड वाढवल्यावर लेबल बाटलीच्या मागच्या बाजूला सरकत गेलं, तर आधी बाटली ओळखणाऱ्या सेन्सरच्या उशिराकडे बघा: मिनिटाला 30 मीटरला एक मिलिसेकंद म्हणजे अर्धा मिलिमीटर. त्यासाठी डिले कॉम्पेन्सेशन, म्हणजे हा उशीर वेगानुसार भरून काढणारं सेटिंग, वापरा. सगळ्या स्पीडला चूक तेवढीच असेल तर ऑफसेट, म्हणजे बाटली दिसल्यापासून लेबल सोडण्यापर्यंतचं ठरवलेलं अंतर, बदला. आणि लेबल मनाला येईल तसं भटकत असेल, तर सेटिंगला हातच लावू नका; घसरण, सैल कपलिंग, केबलमधला नॉइज, बाटलीचं डुलणं यातलंच काहीतरी निघेल. घाईत ऑफसेट फिरवत बसलं की मूळ दोष झाकला जातो.

लेबलची बाजू विसरू नका. रोल ओढणारी स्टेपर किंवा सर्व्हो मोटर याच एन्कोडरच्या काउंटनुसार चालली पाहिजे, नाहीतर लेबल ताणलं जाईल किंवा सुरकुतेल. पारदर्शक लेबलला साधा ऑप्टिकल गॅप सेन्सर (दोन लेबलांमधली फट प्रकाशाने ओळखणारा) चुकतो, कपॅसिटिव्ह किंवा अल्ट्रासॉनिक घ्या. चाकाचा घेर, पल्स आणि प्रत्येक बाटलीचा ऑफसेट पॅनेलच्या दाराच्या आतून लिहून चिकटवा, म्हणजे रात्रपाळीच्या ऑपरेटरला फोन करावा लागणार नाही.