गच्चीवरचा अँटेना बदलताना

मेच्या वादळात नागपुरातल्या बेसा भागातल्या आमच्या घराच्या गच्चीवरचा फोर-जी अँटेना आडवा झाला. त्याचं प्लास्टिक उन्हानं आधीच पापडासारखं कडकडीत झालं होतं. मुलीचे क्लास सुरू होते, म्हणून घाईघाईत सीताबर्डीत जाऊन खोक्यावर सगळ्यात मोठा डीबीआय (अँटेना सिग्नल किती वाढवतो त्याचं माप) लिहिलेला अँटेना घेतला, आणि नेट आधीपेक्षाही मंद झालं.

खोट वायरीत निघाली. सोबत आलेली दहा मीटरची वायर बारीक, आरजी-५८ जातीची होती. २३०० मेगाहर्ट्झला एवढ्या लांबीत साधारण ९-१० डीबी (सिग्नलच्या घट-वाढीचं माप) गळतात, म्हणजे अँटेनानं कमावलेलं जवळजवळ सगळं वाटेतच संपतं. तीच लांबी जाड एलएमआर-४०० ची घेतली तर दोन-सव्वादोन डीबीवर भागतं. महाग पडते, पण पैसे तिथेच घाला. शक्य असेल तर राऊटरच जिन्याच्या वरच्या खोलीत न्या, वायर तीन-चार मीटरच लागेल. टीव्हीची उरलेली वायर जोडू नका. ती ७५ ओहमची, आपल्याला ५० ची हवी.

दुकानात जाण्याआधी राऊटरचं सेटिंगचं पान उघडून कुठला बँड, म्हणजे किती मेगाहर्ट्झचा सिग्नल, चालू आहे ते लिहून घ्या. आपल्याकडे फोर-जी मुख्यतः ८५०, ९००, १८००, २१००, २३०० वर चालतं. अँटेना तुमच्या बँडला चालतो का, हे कागदावर दिसलं पाहिजे. वायफायचा २४०० वाला अँटेना इथे उपयोगाचा नाही. राऊटरचं अँटेनाचं सॉकेटही नीट बघा, वायरीचं टोक त्याच जातीचं हवं: मधोमध भोक असेल तर एसएमए, पिन असेल तर आरपी-एसएमए. दोन सॉकेट असतील तर दोन वायरींचा मायमो पॅनेलच (एकाच खोक्यात दोन अँटेना) घ्या. एकच वायर जोडली तर वेग बराच पडतो.

जागा निवडताना कूलरकडे लक्ष द्या. पत्र्याच्या कूलरमागे अँटेना बसवला तर टॉवर झाकला जातो. समोर दाट कडुनिंब असेल तरी तेच. मी वर फिरवत होते, मुलगी खाली राऊटरजवळ बसून फोनवर आकडे सांगत होती. थोडं वळवायचं, मिनिटभर थांबायचं. आरएसआरपी, म्हणजे टॉवरच्या सिग्नलची ताकद, उणे ११० वरून उणे ९२ वर आला. पण एका दिशेला तो चांगला असूनही एसआयएनआर, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्वच्छ ते, ४ च होता, तर थोडं बाजूला १५ मिळाला. मी दुसरी दिशा धरली, कारण वेग तिथेच वाढला.

जोडावर आधी रबराची सेल्फ-अमाल्गमेटिंग (ताणून गुंडाळली की स्वतःलाच चिकटणारी) टेप, तिच्यावर काळी टेप. नुसती काळी टेप इथल्या उन्हात सुटते आणि पहिल्याच पावसात पाणी आत जातं. वायर घरात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, थेंब तिथूनच गळतील. खांबाचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. आभाळ भरून आलं की गच्चीवर चढू नका.