जुनी डिझेल गाडी आणि जाड ऑइल: या चुका टाळा

"दीड लाख किलोमीटर झालेत ना, मग वीस-पन्नास टाकू. आवाज बसेल." मेकॅनिकने २०डब्ल्यू-५० या जाड इंजिन ऑइलबद्दल असं म्हणावं आणि आपण मान डोलवावी, हे मीही केलंय. आवाज खरंच बसला. पण डिसेंबर उजाडला आणि सकाळी सेल्फ मारला की पहिले तीन-चार सेकंद बॉनेटखालून खडखड यायला लागली. ऑइलचा लाल दिवाही रेंगाळायचा. माझं इंजिन १.३ मल्टिजेट, स्विफ्टपासून व्हिस्टापर्यंत कितीतरी गाड्यांत होतं तेच. त्यात टायमिंग चेन (व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारी साखळी) असते आणि तिला ताणून ठेवणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. गारठलेलं जाड ऑइल तिथवर पोचेपर्यंत चेन सैल वाजायची. पुस्तिकेत बघून ५डब्ल्यू-४० भरलं, खडखड थांबली.

जुनं इंजिन म्हणजे जाड ऑइल, हे समीकरण डोक्यातून काढा. पुस्तिकेत दोन-तीन ग्रेड दिले असतील तर त्यातला जाड खुशाल घ्या, पण त्याबाहेर जाऊ नका. गाडी ऑइल खात असेल तर आधी कुठून खातेय ते शोधा. सकाळी सुरू करताना भसकन निळा धूर येऊन थांबला तर बहुधा व्हॉल्व्ह सील. घाट चढताना सतत निळा धूर असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा टर्बो. जाड ऑइल हे दुखणं चार महिने झाकतं, एवढंच.

दुसरा घोळ आकड्यांचा. ५डब्ल्यू म्हणजे "पाण्यासारखं पातळ" असं समजून लोक ते टाळतात. पहिला आकडा थंड इंजिनाचा, दुसरा तापलेल्या इंजिनाचा. ५डब्ल्यू-४० असो की १५डब्ल्यू-४०, १०० अंशांना दोन्ही १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (दाटपणाचं माप) याच पट्ट्यात असतात. फरक पडतो तो सकाळी. उलट पुस्तिकेत १५डब्ल्यू-४० लिहिलेल्या जुन्या दणकट इंजिनात महागडं ५डब्ल्यू ओतून आपल्या हवेत फारसं काही हाती लागत नाही.

डब्यावरची एपीआयची (ऑइलचा दर्जा ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेची) अक्षरं मात्र कुणी वाचत नाही. 'एस' पेट्रोलसाठी, 'सी' डिझेलसाठी. दोन्ही छापलेलं असेल तर चालेल. नुसतं 'एस' असलेलं ऑइल स्वस्तात मिळतंय म्हणून डिझेलमध्ये घालू नका, काजळी पेलण्याची तयारी त्यात कमी असते. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) नसलेल्या जुन्या गाडीला सीएच-४ किंवा सीआय-४ उत्तम. पण सेकंडहँड घेतलेली गाडी बीएस-६ असेल, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ असेल, तर कमी राखेचंच ऑइल हवं. काजळी डीपीएफमध्ये जळून जाते, ऑइलची राख तिथेच साचते. तो बदलण्याचा खर्च ऐकलात की डब्याच्या किमतीवर घासाघीस करणार नाही.

बदललेलं ऑइल दोनशे किलोमीटरमध्ये काळं झालं म्हणून दुकानदाराशी भांडू नका. डिझेलमध्ये ते होतंच, काजळी उचलणं हेच त्याचं काम. आणि 'थोडं जास्त असू दे' म्हणून डिपस्टिकवरच्या मॅक्सच्या खुणेच्या वर भरू नका; क्रँकशाफ्ट त्याला घुसळून फेस काढते आणि ऑइलचा दाब कमी होतो.

न भरताच पातळी वर चढत असेल तर डिपस्टिक पुसून परत घाला, बाहेर काढून नाकाशी धरा. डिझेलचा वास आला तर ग्रेडचा विचार बाजूला ठेवा आणि आधी इंजेक्टर तपासून घ्या.