कादंबरी देहात उतरवताना

वार्धक्य आणि विस्मरण हा ज्या कादंबरीचा गाभा आहे, ती फिजिकल थिएटरसाठी, म्हणजे शब्दांपेक्षा देहाच्या हालचालींतून गोष्ट सांगणाऱ्या नाटकासाठी, घ्यायचे ठरले की बहुतेक मंडळी आधी संवाद शोधू लागतात. ते काम बाजूला ठेवावे आणि पहिल्या वाचनात पेन्सिल घेऊन फक्त कृतींखाली रेघ ओढावी: म्हातारीने काय उचलले, कुठे ठेवले, काय पुन्हा पुन्हा चाचपले. त्यांतून शेवटी पाच-सहा कृती उरल्या, तरी तासाभराच्या प्रयोगाला त्या पुरतात.

यामागे ठोस कारण आहे. अल्झायमरमध्ये मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा नव्या आठवणी नोंदवणारा भाग लवकर बाधित होतो, त्यामुळे कालपरवाच्या घटना आधी निसटतात. मात्र वर्षानुवर्षांच्या सवयीने अंगवळणी पडलेल्या हालचाली मेंदूच्या इतर भागांवर विसंबून असल्याने बऱ्याच उशिरापर्यंत टिकतात. लेकीचे नाव न आठवणाऱ्या बाईचा हातही ज्वारीच्या पिठात गेला की भाकरी थापू लागू शकतो. कादंबरीकार हे वर्णनातून सांगतो, आपल्याला ते हातांतून दाखवायचे आहे.

लेखी परवानगी मात्र तालमीपूर्वीच घ्यावी. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो आणि अनुवादावरून काम करणार असाल, तर अनुवादकाचाही हक्क असतो. महाराष्ट्रात प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता द्यावी लागते, म्हणून शब्द कमी असले तरी हालचाली सविस्तर लिहून ठेवाव्यात.

आता खरे काम. आमच्या पहिल्या तालमीत विशीतल्या सगळ्या मुलांनी कंबरेत वाकून हातात काठ्या घेतल्या आणि दहा मिनिटांत त्या वयाची टिंगल वाटू लागली. मला ते फार लागले. वार्धक्य हालचालीपेक्षा तिच्या तयारीत अधिक दिसते. ओसरीवरून उठणारी आजी आधी पाय मागे ओढून घेते, तळहात गुडघ्यांवर टेकवते, एकदा पुढे झुकून अदमास घेते, आणि ती उठण्याआधीच तिचा हात खांबाकडे निघालेला असतो. एवढीच कृती नटांकडून आठवडाभर करून घ्यावी, पाठ ताठ ठेवून.

निरीक्षणासाठी मराठवाड्यात दूर जावे लागत नाही. १९७२ च्या दुष्काळात रोजगाराच्या कामांवर खडी फोडलेल्या बाया अजून गावोगावी आहेत. त्यांना हकीकत विचारण्यापेक्षा "आजी, करून दाखवता का?" असे म्हणावे. लातूर जिल्ह्यातल्या एका आजींनी दगड धरल्यासारखा डावा हात मुडपला, उजवा वर नेला, आणि घाव पडण्याच्या क्षणाआधी डोळे घट्ट मिटले. कपची डोळ्यात जाऊ नये म्हणून लागलेली ती सवय पन्नास वर्षांनंतरही पापण्यांत शिल्लक होती, आणि तासभराच्या गप्पांत तिचा उल्लेखही आला नव्हता. अर्थात कादंबरी दुसऱ्या मुलखातली असेल, तर तिच्यात आपला दुष्काळ घुसडू नये. उचलायची ती पापणीची नजाकत.

त्यानंतर रचना. निवडलेली कृती प्रेक्षकांना पहिल्यांदा संपूर्ण आणि खऱ्या वस्तूंसह दिसली पाहिजे: पीठ, पाणी, मळणे, थापणे, तव्यावर टाकणे, वरून पाण्याचा हात फिरवणे. पुढच्या प्रत्येक आवृत्तीत एकेक दुवा गळू द्यावा, आधी पाणी, मग तवा, मग परात. पहिली आवृत्ती घाईने उरकली, तर पुढे काय हरवले हे कुणाच्याच लक्षात येत नाही; माझ्या मते रूपांतरे सर्वाधिक इथेच फसतात.

काळ मागेपुढे नेण्यासाठी नेपथ्य बदलू नये. पैठणच्या एकनाथांची भारुडे सादर करणारा कलावंत पदर डोक्यावर घेऊन क्षणात सासुरवाशीण होतो, आणि गावकऱ्यांना ते समजावून सांगावे लागत नाही. म्हातारी आणि तिचे तरुणपण यांसाठी दोन अभिनेत्री घेतल्या, तर दोघींचा थापण्याचा ठेका एकच ठेवावा; म्हातारी अडखळेल तिथे तरुणीने तो उचलावा.

शब्द अगदीच लागले, तर कादंबरीतली दोन-तीन वाक्ये ठेवावीत, तीही कृती थांबलेली असताना. आणि शेवटच्या आवृत्तीनंतर प्रकाश लगेच मालवू नये: समोर परात नसताना, पीठ नसताना तो हात किती वेळ फिरत राहील, हे त्या रात्री त्या अभिनेत्रीलाच ठरवू द्यावे.