मेमरी कमी मोजतेय? आयसी उपसण्याआधी या चुका टाळा

"काका, मेमरी पूर्ण मोजत नाहीये. सगळ्या आयसी काढून परत बसवल्या, तरी तेच." जुन्या कॉम्प्युटरबद्दल असा फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: आयसी, म्हणजे मेमरीच्या चिप, काढायच्या आधी स्क्रीनवर नेमकं काय आलं होतं? समोरून बहुतेक वेळा "काहीतरी एरर होता" एवढंच उत्तर येतं. तिथेच मला वाईट वाटतं, कारण त्या "काहीतरी"मध्ये अर्धी दुरुस्ती लिहिलेली असते.

मी ठाण्यात नौपाड्यात राहतो. नव्वदच्या दशकात वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये एक्सटी आणि ३८६ ही त्या काळची पीसी मशीनं खोलत शिकलो. आता घराच्या गॅलरीतल्या टेबलावर लोकांची जुनी मशीनं जिवंत करून देतो. मेमरीच्या तक्रारी खूप येतात आणि त्यातल्या बऱ्याच मशीनमध्ये मूळ दोष साधा असतो, घाईत केलेला उद्योग मोठा असतो. मेमरी कमी दिसणं हे लक्षण आहे. त्यामागे आयसी असू शकते, तसंच सॉकेट, दुमडलेला पाय, गायब झालेलं एखादं व्होल्टेज किंवा चुकीचा स्विचही असू शकतो.

मेसेज न वाचता आयसी काढणं

ही माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ऐरोलीचा एक मुलगा. आजोबांच्या टायपिंग क्लासमधला एक्सटी क्लोन, म्हणजे आयबीएमच्या एक्सटीची नक्कल, त्याला माळ्यावर सापडला. बोर्डवर ६४० केबी: ४१२५६ आयसीच्या दोन बँका (आयसींचे गट) म्हणजे ५१२ केबी, आणि ४१६४ च्या दोन बँका म्हणजे उरलेले १२८. प्रत्येक बँकेत नऊ आयसी, आठ डेटाच्या आणि एक पॅरिटीची, म्हणजे डेटातली चूक पकडणारी. मशीन चालू केलं की मोजणी ५१२ पर्यंत जायची आणि एरर देऊन थांबायची. त्यानं ४१६४ च्या अठराच्या अठरा आयसी स्क्रू ड्रायव्हरनं उचकटल्या, नव्या मागवल्या, बसवल्या. मोजणी परत ५१२ वर अडकली. मग कॅबिनेट मांडीवर घेऊन ट्रान्स-हार्बरच्या लोकलनं माझ्याकडे आला.

नशिबानं पहिल्या दिवशी त्यानं स्क्रीनचा फोटो काढून ठेवला होता. त्यात स्वच्छ दिसत होतं: पत्ता ८००० च्या सेगमेंटमधला, लिहिलं ५५, वाचलं ५१. हे आकडे सोळाच्या पायावरचे. ८००० म्हणजे बरोब्बर ५१२ केबीची सीमा, म्हणजे ४१६४ ची पहिली बँक. ५५ आणि ५१ यांतला फरक ०४, म्हणजे शून्यापासून मोजलं तर दोन नंबरचा बिट. अठरा आयसींपैकी एकाच आयसीकडे बोट दाखवणारा फोटो तीन आठवडे त्याच्या खिशात होता.

मग मी शेजारच्या बिटाची आयसी आणि ही आयसी यांची अदलाबदल केली. एवढीच चाचणी, पण तिच्याइतकी खात्रीची दुसरी नाही. आयसीबरोबर दोष सरकला तर आयसी खराब, दोष जागेवरच राहिला तर जागा खराब. इथे स्क्रीनवर पुन्हा ५५ आणि ५१ आलं. दोष जागेचा होता.

आयसी काढून टॉर्च तिरका धरून सॉकेटमध्ये पाहिलं. चौदा नंबरच्या पायाची, म्हणजे डेटा बाहेर येतो त्या पायाची पत्ती फाकलेली होती आणि तिच्यावर काळपट थर बसला होता. शेजारच्या पत्त्या चमकत होत्या, ही एकटीच मेलेली. आयसी कितीही नवी आणली असती तरी तिचा पाय त्या पत्तीला नीट टेकलाच नसता. ते सॉकेट काढून गोल पिनचं बसवलं, मोजणी ६४० ला गेली.

त्याच्या जुन्या अठरा आयसी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत एकमेकांत अडकून पडल्या होत्या. बहुतेकांचे पाय वाकडे, तिघींचे तुटलेले. त्या सगळ्या चांगल्या असणार होत्या. ४१६४ आता कोणी बनवत नाही, म्हणून मला हे बघवत नाही.

म्हणून माझी सवय: कव्हर उघडण्याआधी फोटो, आणि वहीत पत्ता व दोन्ही आकडे. आयबीएमच्या मूळ एक्सटीवर २०१ हा मेमरीचा कोड येतो आणि त्याच्या आधीच्या आकड्यांत बँक आणि बिट दिलेले असतात. फरक ०१, ०२, ०४, ०८, १०, २०, ४० किंवा ८० असा एकटा आला तर एकच आयसी, एकच सॉकेट किंवा एकच ट्रॅक बघायचा. पाच-सहा बिट एकदम चुकत असतील तर पाच-सहा आयसी एकाच रात्रीत मेल्या असं समजू नका. तिथे सगळ्यांना सामाईक असलेलं काहीतरी तपासायचं: सप्लाय, बँक निवडणारी रास किंवा कासची (ओळ आणि स्तंभाच्या पत्त्याच्या सिग्नलची) लाइन, पत्त्याचे मल्टिप्लेक्सर (पत्त्याचे दोन भाग एकाच तारांवर पाळीपाळीनं पाठवणाऱ्या आयसी). आयबीएमच्या बोर्डवर ते ७४एलएस१५८ असतात.

आणि स्क्रीनच येत नसेल तर? तेव्हा पहिली बँक संशयित. बायॉसला, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डवरच्या प्रोग्रामला, स्वतःचं काम करायलाच ती लागते. एएमआय बायॉसमध्ये तीन बीप म्हणजे पहिल्या ६४ केबीत दोष, दोन बीप म्हणजे पॅरिटी, एक बीप म्हणजे रिफ्रेश (मेमरीतला डेटा टिकवत राहण्याचं काम). बीप मोजायला पैसे पडत नाहीत.

व्होल्टेज न मोजता नवी आयसी बसवणं

४१६४ ला एकटे ५ व्होल्ट पुरतात. त्याआधीच्या ४११६ ला तीन लागतात: एक नंबरच्या पायावर उणे ५, आठवर १२, नऊवर ५, आणि सोळावर ग्राउंड. पहिल्या आयबीएम पीसीत आणि झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या होम कॉम्प्युटरच्या खालच्या १६ केबीत याच आयसी आहेत. उणे ५ गेलं आणि १२ चालू राहिलं तर आयसी तापते आणि मरते. स्पेक्ट्रममध्ये ही व्होल्टेज बनवणाऱ्या सर्किटमधला टीआर४ ट्रान्झिस्टर जातो आणि मेमरीला सोबत घेऊन जातो. वाशीच्या एका गृहस्थांनी मेलेल्या आयसी बदलल्या, ट्रान्झिस्टर तसाच ठेवला, आणि नवा संचही जाळला. आधी सॉकेट रिकामं ठेवून तिन्ही पायांवर मीटर लावा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते टाळणाऱ्याची मला खरंच चीड येते, कारण जळालेला माल परत येत नाही.

एक सावधगिरी. ४१६४ मध्ये प्लस ५ आठव्या पायावर आणि ग्राउंड सोळाव्यावर असतं. नेहमीच्या ७४ मालिकेच्या लॉजिक आयसींच्या बरोबर उलट. सवयीनं मीटर लावून "उलटे व्होल्ट येतायत" म्हणणारे पुष्कळ भेटतात. खाच कुठल्या बाजूला आहे ते शेजारच्या लॉजिक आयसीकडे बघून ठरवू नका, मेमरीच्याच ओळीतली दुसरी आयसी बघा.

खोडरबर

रॅमच्या पट्टीवर खोडरबर घासणं ही आपल्याकडची जुनी रीत. मीही वर्कशॉपमध्ये तेच शिकलो आणि पुढे सोडून दिलं. रबर सोन्याचा पातळ मुलामा खरवडतं, आणि त्याचा चुरा स्लॉटमध्ये जाऊन बसतो, मग दोष पट्टीवरून स्लॉटमध्ये सरकतो. आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि धागे न सुटणारं सुती कापड घ्या, दोनदा पुसा, सुकू द्या. पट्टी दोन-तीनदा आत-बाहेर केली की स्लॉटच्या पत्त्याही घासून निघतात. सिम (३० किंवा ७२ पिनची जुनी रॅमपट्टी) असेल तर तिरकी घालून उभी करायची, दोन्ही बाजूंच्या क्लिपा आपोआप लागल्या पाहिजेत. प्लॅस्टिकच्या क्लिपेवर नखानं जोर दिला तर ती तुटते, आणि मग ती पट्टी आयुष्यभर झुलत राहते.

बॅटरीचा हिरवा डाग

२८६ ते ४८६ च्या बोर्डवरची ती निळी किंवा हिरवी पिंपासारखी निकेल-कॅडमियम बॅटरी. ती फुटते, आतला अल्कली ट्रॅक खात जातो, आणि कधी कधी सिमच्या स्लॉटपर्यंत पोचतो. आपल्या खाडीच्या दमट हवेत हे काम थांबत नाही. बोर्ड हातात आला की ती बॅटरी कापून काढा, मशीन चालत असलं तरी. डागावर पांढरं व्हिनेगर, मग डिस्टिल्ड पाणी, मग आयपीए, मग दोन दिवस वाळवण. त्यानंतर भिंग घेऊन एकेक ट्रॅक मीटरनं वाजवून बघा. "वरून स्वच्छ दिसतोय" हा पुरावा नाही. बॅटरी गेल्यावर सेटअप विसरला जातो, त्यामुळे मेमरीचा आकार जुळत नाही असा मेसेज येईल. तो दोष नाही, सेटअपमध्ये जाऊन सेव्ह करा.

दोष नसलेले दोष

एक एमबीचं मशीन ६४० अधिक ३८४ असं दाखवतं, ते बरोबर आहे. ३८६डीएक्स आणि ४८६ ला ३० पिनच्या पट्ट्या चार-चारच्या गटात लागतात, पेंटियमला ७२ पिनच्या जोडीनं. एकटी लावली तर मशीन मुकं राहणारच. ईडीओ या प्रकारची रॅमपट्टी बहुतेक ४८६ बोर्डांना चालत नाही. इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटच्या बोर्डवर आठ मोठ्या आयसींची २५६ एमबी पट्टी १२८ दिसते, कारण चिपसेटला तेवढ्या दाट आयसीचा पत्ताच लावता येत नाही. पट्टी परत करा, बोर्डला दोष देऊ नका.

चाचणीच बंद करणं

हायमेमनं, म्हणजे डॉसच्या मेमरी सांभाळणाऱ्या प्रोग्रामनं, मेमरी खराब असल्याचा इशारा दिला की कॉन्फिग फाइलमध्ये टेस्टमेम ऑफ लिहून मोकळं होणारे आहेत. असल्या शॉर्टकटनं पुढे फ्लॉपीवर चुकीचा डेटा लिहिला जातो आणि दोष ड्राइव्हवर ढकलला जातो. सुरुवातीची मोजणीही एस्केप दाबून टाळू नका. संशयित आयसीवर चांगली आयसी चढवून बघण्याची युक्ती मीही वापरतो, पण खालची आयसी आतून शॉर्ट असेल तर ती काहीच सांगत नाही. त्यावरून निकाल देऊ नका.

दुरुस्ती झाली की मी मशीन लगेच देत नाही. रात्रभर चाचणी चालू ठेवतो, पहाटे बंद करतो, आणि दुपारी पूर्ण गार झाल्यावर परत चालू करतो. सैल पत्ती गरम असताना टेकते आणि गार झाली की सुटते, उलटही होतं. पावसाळ्यात तर ही गार मोजणी मी तीन दिवस घेतो. ऐरोलीच्या त्या मशीननं तिन्ही दिवस ६४० दाखवले, मगच त्याला फोन केला. येताना त्यानं जुन्या आयसी अँटिस्टॅटिक फोममध्ये टोचून आणल्या होत्या, प्रत्येकीवर बँक आणि बिट लिहिलेली चिठ्ठी चिकटवून.