'पी'चा 'बी' झाला, तिथून पुढे

माझं इंग्रजी पाचवीत सुरू झालं. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, आमची बॅच त्याच्या आधीची. पहिली नोकरी पुण्यात लागली, फोनवरून परदेशी ग्राहकांच्या तक्रारी सोडवायची. दुसऱ्याच आठवड्यात एका ब्रिटिश बाईंना बुकिंगचा नंबर वाचून दाखवत होते. त्यात 'पी' होता. त्या उलट म्हणून दाखवायच्या, तेव्हा 'बी' म्हणायच्या. असं चारदा झालं. शेवटी शेजारच्या ताईंनी चिठ्ठी सरकवली, "पापा म्हण गं." 'पी फॉर पापा' म्हटलं आणि नंबर जुळला.

जेवणाच्या सुट्टीत ताईंनी माझ्या तोंडासमोर टिश्यू पेपर धरला. म्हणाल्या, "आता 'पेन' म्हण." मी म्हटलं, कागद जागचा हलला नाही. त्यांनी म्हटलं, तेव्हा फडफडला. इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीच्या 'प', 'ट', 'क'मध्ये हवेचा झोत असतो. आपण मराठी 'प' म्हणतो तेव्हा तो झोत नसतो, म्हणून त्यांच्या कानाला तो 'ब' वाटतो. आपल्याकडे झोताचा वेगळा 'फ' आहे, ओठ मिटून म्हटलेला, 'फळ'मधला. 'पेन' म्हणताना त्याच्या दिशेने थोडं सरकायचं. पण आधी 'स' आला की झोत जातो. 'स्पिन', 'स्टॉप', 'स्कूल' हे शब्द आपल्या तोंडात आपसूक बरोबर बसतात.

त्या कागदाने मला एक गोष्ट कळली, आणि नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाला मी ती आधी सांगते. तोपर्यंत मी इंग्रजी शब्द डोळ्यांनी पाठ केले होते. वहीत डावीकडे शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, अशी पानंच्या पानं. वाचताना सगळं समजायचं, बोलताना त्यातला एकही शब्द वेळेवर यायचा नाही. शब्द कानाने शिकला आणि तोंडाने घोळवला, तरच तो बोलताना हाताशी येतो.

मग वहीची पद्धत बदलली. दिवसाला फक्त ५ शब्द. प्रत्येक शब्द आधी मोबाइलवरच्या शब्दकोशात ऐकायचा, मग वाक्यात लिहायचा, तेही माझ्या कामातल्या वाक्यात. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि पुढच्या आठवड्यात पान झाकून मोठ्याने म्हणायचा. अवघड शब्दांच्या मागे लागू नका. मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली रोजच्या वापरातल्या सुमारे २००० इंग्रजी शब्दांची यादी छापली, आज ऑक्सफर्डची ३००० शब्दांची यादी मिळते. आधी तेवढे शब्द जिभेवर येऊ द्या. 'पुट'सारखा साधा शब्द घ्या. 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणं, 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणं. फोनवर हेच शब्द पन्नासदा येतात.

शब्द एकटा लिहू नका, त्याची जोडी लिहा. मराठीत चहा 'कडक' असतो आणि पाऊस 'मुसळधार', कोणी 'मुसळधार चहा' म्हणत नाही. इंग्रजीत चहा 'स्ट्राँग' आणि पाऊस 'हेवी'. आपण परीक्षा 'देतो', म्हणून 'गिव्ह ॲन एक्झाम' म्हणतो. तिकडे विद्यार्थी ती 'टेक' करतात.

उच्चारात सगळ्यात जास्त फरक पडला तो आघाताने. मराठीत आपण शब्दातल्या सगळ्या अक्षरांना जवळजवळ सारखं वजन देतो. इंग्रजीत एका भागावर जोर येतो आणि बाकीचे भाग दबतात. 'फोटोग्राफ'मध्ये जोर 'फो'वर. फोटो काढणारा माणूस म्हणायचा झाला की जोर पुढे सरकतो आणि शब्द 'फटॉग्रफर' असा ऐकू येतो. आपण ज्याला 'डेव्हलप' म्हणतो, त्यात जोर दुसऱ्या भागावर आहे, 'डिव्हेलप'. शब्दकोशात जोराच्या भागाआधी वर एक छोटी उभी रेघ असते, ती शोधा. आणि उच्चारात उलटा इंग्रजी 'ई' (ə) दिसला की तिथे आपला साधा, हलका 'अ' म्हणा.

मराठी इथे अडथळा नाही, उलट मोठा आधार आहे. 'माझा' आणि 'माझी' मोठ्याने म्हणून पाहा, दोन्ही 'झ' वेगळे आहेत. 'ईझी', 'बिझी' म्हणताना आपण 'माझी'तला वापरतो, तिथे 'माझा'तला हवा. 'बॅट', 'बॉल'साठी आपल्या लिपीत चंद्र आहेच. 'वॉटर' आणि 'व्हिडिओ' आपण लिहितोही वेगळे, फक्त बोलताना दोन्हींचा 'व' एकच करतो. पहिल्याला ओठांचा गोल, दुसऱ्याला वरचे दात खालच्या ओठावर.

अमेरिकन लकब आणण्याच्या मागे मी लागले नाही, तुम्हीही लागू नका. समोरच्याला पहिल्याच वेळी कळलं पाहिजे, एवढंच माप ठेवा. त्यासाठी बीबीसीवरचा एक मिनिटाचा तुकडा निवडायचा, निवेदकाच्या पाठोपाठ म्हणायचा, आपला आवाज मोबाइलवर घ्यायचा आणि दोन्ही लागोपाठ ऐकायचे. पहिले काही दिवस स्वतःचा आवाज नकोसा वाटतो. तरी ऐका, कारण चूक तिथेच सापडते.

घाईत बोलताना माझा 'वेस्ट' अजूनही कधीकधी 'व्हेस्ट' होतो. सध्या सकाळी केस विंचरताना आरशासमोर तेवढे दोनच शब्द म्हणते, दहा-दहा वेळा, ओठांकडे बघत.