इन्फ्रारेड फिल्मवर फ्लॅश वापरताय? या चुका टाळा

डेव्हलपिंगच्या टँकमधून काढलेली फिल्म काचेसारखी कोरी निघाली, तर आधी तिच्या कडा पाहा. फ्रेमचे नंबर ठळक उमटले असतील तर डेव्हलपरचा दोष नाही, फिल्मपर्यंत प्रकाशच पोचलेला नाही. माझा पहिला रोल असाच गेला. चूक फिल्टरची होती, म्हणजे दिसणारा प्रकाश अडवून इन्फ्रारेड सोडणाऱ्या गडद काचेची.

जुन्या लेखांत ८७ नंबरचा फिल्टर सुचवलेला असतो. तो सल्ला कोडॅकच्या एचआयई फिल्मसाठी होता. तिला ९०० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतचं दिसायचं, पण ती २००७ मध्ये बंद झाली. आजच्या रोलाय इन्फ्रारेड ४०० ची धाव साधारण ८२० पर्यंत, इल्फर्ड एसएफएक्स २०० ची जेमतेम ७४०. आणि ८७ नंबर नीट उघडतो तोच ८०० च्या आसपास. एसएफएक्सवर तो लावणं लेन्स कॅप लावल्यासारखंच. रोलायला ७२० नॅनोमीटरचा फिल्टर घ्या. एसएफएक्सला गडद लालसुद्धा चालतो.

दुसरी चूक म्हणजे लेन्सवर फिल्टर आणि फ्लॅशवरही. एकाच ठिकाणी पुरे. अंधाऱ्या खोलीत तो फ्लॅशवर लावा: व्ह्यूफाइंडर स्वच्छ राहतो, समोरच्याचे डोळे दिपत नाहीत, सरळ पाहिलं तर फक्त मंद लाल ठिपका दिसतो. वीजी या छायाचित्रकाराने १९४० च्या दशकात न्यूयॉर्कच्या थिएटरांत अंधारातले प्रेक्षक इन्फ्रारेड फ्लॅशनेच टिपले. मात्र खोलीत दिवा चालू असेल तर फिल्टर लेन्सवरच हवा, कारण ही फिल्म साधा प्रकाशही टिपते. फिल्टर महाग वाटला तर एक्स्पोज न करता डेव्हलप केलेल्या स्लाइड फिल्मचा काळा तुकडा फ्लॅशवर लावा. इन्फ्रारेड त्यातून आरपार जातं. तुकडा काचेला चिकटवू नका, उष्णतेने आकसतो.

फ्लॅश ऑटोवर ठेवू नका. फिल्मला काय दिसतंय ते त्याच्या सेन्सरला कळत नाही. मॅन्युअलवर हिशोब करा. फ्लॅशचा गाइड नंबर, म्हणजे त्याच्या ताकदीचा आकडा (अंतराने भागला की एफ नंबर मिळतो), १०० आयएसओला मीटरमध्ये ३६ असेल आणि ७२० च्या फिल्टरमागे रोलाय २५ आयएसओ धरली, तर नंबर निम्मा, म्हणजे १८. तीन मीटरवर एफ ५.६. ही फक्त सुरुवात. एफ ४ आणि एफ ८ वरही एकेक फ्रेम काढाच.

फ्लॅशऐवजी एलईडी पॅनल लावून पाहू नका, पांढऱ्या एलईडीत इन्फ्रारेड जवळजवळ नसतंच.

फोकस आधी करा, मग लेन्सवरच्या इन्फ्रारेडच्या लाल खुणेपर्यंत रिंग फिरवा, फिल्टर शेवटी. खूण नसेल तर लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) जमेल तितकं लहान करा.

रोल भरायचा तो अंधारात किंवा निदान गडद सावलीत, कारण पारदर्शक बेसमुळे बाहेरच्या टोकातून प्रकाश आत शिरतो. एवढं सांभाळूनही फॉग (नको त्या प्रकाशाने आलेली काळपट झाक) फक्त फिल्मच्या भोकांच्या कडेला, ओळीने दिसला, तर कॅमेऱ्याच्या आत पाहा: काही ऑटोफोकस कॅमेरे भोकं मोजायला इन्फ्रारेड एलईडीच वापरतात. तिथे कुठलाच फिल्टर कामाचा नाही, कॅमेरा बदलावा लागतो.