विड्याचे पान भाजी आहे का? कायदा वाचायला शिकतानाचे अनुभव

विधी महाविद्यालयात ‘कायद्यांचे अर्थान्वयन’, म्हणजे कायद्यातल्या शब्दांचा अर्थ लावणे, हा विषय शिकत असताना माझ्या वहीत एक ओळ होती: ‘विड्याचे पान म्हणजे भाजी नव्हे, सर्वोच्च न्यायालय, 1961.’ परीक्षेत ती ओळ लिहून मी गुणही मिळवले. हा खटला अकोल्याचा, म्हणजे मी ज्या वऱ्हाडात वाढले तिथलाच, हे मात्र मला वकिली सुरू केल्यानंतर दुसऱ्या वर्षी कळले. तेसुद्धा माझ्या वरिष्ठांनी कराच्या एका प्रकरणासाठी संपूर्ण निकालपत्र वाचून यायला सांगितले म्हणून. त्या दुपारी बार रूममध्ये बसून ते निकालपत्र वाचले, आणि महाविद्यालयाच्या तीन वर्षांत जे उमगले नव्हते ते उमगू लागले. विधी शाखेत नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांसाठी आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षातल्या ज्युनिअर वकिलांसाठी हे लिहीत आहे.

खटल्याचे नाव रामावतार बुधईप्रसाद विरुद्ध सहायक विक्रीकर अधिकारी, अकोला. मध्यप्रांत व वऱ्हाड विक्रीकर अधिनियम, 1947 च्या दुसऱ्या अनुसूचीत करातून सूट मिळालेल्या वस्तूंची यादी होती आणि तिच्यात सहाव्या क्रमांकावर ‘व्हेजिटेबल्स’ हा शब्द होता. पानाच्या व्यापाऱ्यांचे म्हणणे असे होते की विड्याचे पान याच शब्दात मोडते, त्यामुळे त्याच्या विक्रीवर कर लागू शकत नाही. मराठीत विचार केला तर हा वाद उभाच राहत नाही, कारण विड्याच्या पानाला आपल्याकडे कोणी भाजी म्हणत नाही. पण अधिनियम इंग्रजीत होता, आणि इंग्रजी शब्दकोशात त्या शब्दाचा एक व्यापक अर्थ ‘वनस्पतीपासून मिळणारे कोणतेही द्रव्य’ असाही दिलेला असतो. व्यापाऱ्यांचा युक्तिवाद त्या अर्थावर उभा होता. मराठी अनुवाद वाचून खटला समजून घेणाऱ्याला हा वाद कशावर होता हेच कळणार नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 348 नुसार अधिनियमांचा प्राधिकृत पाठ इंग्रजी असतो, आणि राज्याने कायदा दुसऱ्या भाषेत केला तरी राज्यपालांच्या प्राधिकाराने प्रसिद्ध झालेला त्याचा इंग्रजी अनुवाद प्राधिकृत मानला जातो. मराठी माध्यमातून आलेल्यांनी मराठीतून कायदा समजून घ्यावा, त्यात कमीपणा काहीच नाही, मीही तसाच समजून घेतला. परंतु युक्तिवादासाठी शब्दावर बोट ठेवायचे असेल तेव्हा ते प्राधिकृत पाठातल्या शब्दावरच ठेवावे लागते. भाषा संचालनालयाचा ‘न्याय व्यवहार कोश’ हा कायद्याच्या इंग्रजी-मराठी संज्ञांचा कोश जवळ ठेवला तर दोन्ही पाठांमध्ये ये-जा करणे सोपे जाते.

सर्वोच्च न्यायालयाने शब्दकोशातला आणि वनस्पतिशास्त्रातला अर्थ बाजूला ठेवला. करकायद्यातला रोजच्या व्यवहारातला शब्द, त्या वस्तूची खरेदी-विक्री करणारे लोक ज्या अर्थाने वापरतात त्याच अर्थाने घ्यायचा, ही निकालाची पहिली बाजू. त्यासाठी न्यायालयाने कॅनडातल्या एका निकालाचा आधार घेतला. तिथे प्रश्न खाऱ्या शेंगदाण्यांचा आणि काजूचा होता, आणि रात्रीच्या जेवणासाठी फळे किंवा भाजी आणायला सांगितलेला गृहस्थ हे पदार्थ घेऊन घरी येईल का, अशी कसोटी तिथल्या न्यायालयाने लावली होती. माझ्या वहीतली टीप इथेच संपली होती. निकालाची दुसरी बाजू मात्र तिच्यात नव्हती, आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. मूळ अनुसूचीत ‘भाज्या’ सहाव्या क्रमांकावर होत्या, तशी छत्तिसाव्या क्रमांकावर ‘विड्याची पाने’ ही स्वतंत्र नोंद होती, आणि 1948 च्या सुधारणा अधिनियमाने ती वगळण्यात आली. विधिमंडळाने सुरुवातीला दोन वेगळ्या नोंदी केल्या याचा अर्थ पहिल्या नोंदीत दुसरी वस्तू येत नाही असेच ते मानत होते. आणि पुढे दुसरी नोंद काढली याचा अर्थ त्या वस्तूची सूट काढून घ्यायची होती. म्हणजे निकाल एका शब्दाच्या अर्थाइतकाच त्या शब्दाच्या शेजारी काय होते आणि तिथून काय गेले यावरही उभा आहे. कलम वाचताना शेजारची कलमे, अनुसूची आणि सुधारणांचा इतिहास वाचायचा, ही सवय मला या निकालाने लावली.

ही सवय लागण्यापूर्वी मी एक चूक केली होती, ती सांगते. एका दिवाणी दाव्यात अधिकारितेचा, म्हणजे त्या न्यायालयाला तो दावा चालवता येतो का याचा, मुद्दा प्राथमिक मुद्दा म्हणून आधी निकाली काढावा, असा अर्ज मी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 9-अ खाली तयार केला. हे कलम मूळ केंद्रीय संहितेत नाही. महाराष्ट्राने 1977 मध्ये ते राज्यापुरते घातले होते. माझ्याजवळचा बेअर ॲक्ट, म्हणजे फक्त कायद्याचा पाठ छापलेले पुस्तक, जुना होता. महाराष्ट्राने हे कलम 2018 मध्ये वगळले होते आणि आमचा दावा त्यानंतरचा होता. समोरच्या वकिलांनी उभे राहून शांतपणे तेवढेच निदर्शनास आणले आणि अर्ज मागे घ्यावा लागला. पक्षकाराची एक तारीख वाया गेली, आणि तो माणूस तालुक्याहून एक दिवसाची मजुरी बुडवून आलेला होता. त्या दिवसापासून कोणतेही कलम उद्धृत करण्यापूर्वी मी तीन गोष्टी तपासते: ते आज अमलात आहे का, त्याला महाराष्ट्राची सुधारणा आहे का, आणि वादाचे कारण घडले त्या दिवशी त्याचा पाठ काय होता. फौजदारी बाजूला 1 जुलै 2024 पासून नव्या संहिता लागू झाल्यामुळे तिसरा प्रश्न आता रोजचाच झाला आहे. जुना कायदा निरसित (रद्द) झाला तरी त्याखाली निर्माण झालेले हक्क, दायित्वे आणि शिक्षा यांचे काय होते, हे सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, 1897 चे कलम 6 सांगते; ते पाठ असावे. राज्याच्या अधिनियमांना मात्र महाराष्ट्राचा 1904 चा स्वतंत्र सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम लागू होतो. महाराष्ट्राच्या कायद्याचा अर्थ लावताना केंद्राचा 1897 चा अधिनियम दाखवणारे ज्युनिअर मी अनेकदा पाहिले आहेत.

पाठ्यपुस्तकात कायद्याचे उगम सांगताना रूढी, न्यायनिर्णय आणि विधिविधान अशी तीन प्रकरणे असतात, आणि विधिविधान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर संसद किंवा विधानसभा येते. प्रत्यक्ष कामात विधिमंडळाने स्वतः केलेल्या अधिनियमापेक्षा त्या अधिनियमाने दिलेल्या अधिकारातून निघालेले नियम, अधिसूचना आणि आदेशच अधिक हाताळावे लागतात. अनुच्छेद 13 मध्ये ‘कायदा’ या शब्दात अध्यादेश, आदेश, उपविधी, नियम, विनियम, अधिसूचना आणि कायद्याचे बळ असलेली रूढी यांचा समावेश केला आहे. यातल्या ‘उपविधी’ या शब्दाने नवागतांचा गोंधळ होतो. नगरपालिकेने अधिनियमाखाली केलेले उपविधी आणि गृहनिर्माण सहकारी संस्थेचे उपविधी यांना आपण एकच शब्द वापरतो, परंतु सहकारी संस्थेच्या उपविधींना कायद्याचे बळ नाही, ते सभासदांमधल्या कराराच्या जातीचे आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 1969 मध्ये सांगितले आहे. सोसायटीच्या वादाचे प्रकरण घेऊन पक्षकार समोर बसला की हा फरक लगेच उपयोगी पडतो.

अध्यादेशाबद्दल, म्हणजे विधिमंडळ भरलेले नसताना राज्यपालांनी काढलेल्या तात्पुरत्या कायद्याबद्दल, एकच खटला सांगते, कारण त्याची सुरुवात पुण्यात झाली. गोखले अर्थशास्त्र संस्थेतले संशोधक डॉ. डी. सी. वाधवा यांनी बिहारमधल्या अध्यादेशांचा अभ्यास केला आणि 1967 ते 1981 या काळात तिथे 256 अध्यादेश काढले गेले, त्यांतले कित्येक पुन्हा पुन्हा काढून जिवंत ठेवले गेले, हे दाखवून दिले. विधिमंडळ पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत अध्यादेश संपतो, असे अनुच्छेद 213 सांगतो. विधिमंडळाला टाळून तोच तो अध्यादेश काढत राहणे म्हणजे राज्यघटनेशी केलेली लबाडी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1986 मध्ये म्हटले. वाधवा वकील नव्हते, त्यांनी राजपत्रे वाचली होती. राजपत्र वाचणे किती मोलाचे असते याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

राजपत्राचा विषय निघालाच आहे तर दोन निकाल एकत्र वाचा, असा माझा आग्रह आहे. पहिला 1951 चा हरला विरुद्ध राजस्थान राज्य. जयपूर संस्थानात मंत्रिमंडळाने ठराव करून अफूविषयक कायदा संमत केला, पण तो कधी प्रसिद्धच केला नाही. लोकांना कळवलेला नाही अशा कायद्याखाली माणसाला शिक्षा देणे नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध आहे, असे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी लिहिले. दुसरा महाराष्ट्र राज्य विरुद्ध एम. एच. जॉर्ज. रिझर्व्ह बँकेची सोन्याविषयीची 8 नोव्हेंबर 1962 ची अधिसूचना 24 नोव्हेंबरला राजपत्रात आली. 27 तारखेला झुरिकहून मनिलाला निघालेला एक जर्मन प्रवासी 28 तारखेला मुंबईच्या विमानतळावर 34 किलो सोन्यासह पकडला गेला. ही अधिसूचना त्याला माहीत असण्याची शक्यता नव्हती, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडले. सर्वोच्च न्यायालयात मात्र बहुमताने तो पुन्हा दोषी ठरला आणि न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळे मत नोंदवले. बहुमताच्या दृष्टीने भारतात रीतसर प्रसिद्धी झाली हे पुरेसे होते, आणि चलन व सोन्याच्या चोरट्या वाहतुकीला आळा घालणाऱ्या या कायद्यात गुन्हेगारी मनःस्थिती सिद्ध करण्याची गरज नव्हती. मला आजही सुब्बा राव यांचे मत अधिक पटते, कारण शिक्षेच्या कायद्यातून दुष्ट हेतूची अट वगळायची असेल तर विधिमंडळाने ते स्पष्टपणे किंवा अपरिहार्यपणे सूचित केले पाहिजे, असे मला वाटते. तुम्हाला बहुमत पटले तरी हरकत नाही, पण दोन्ही मते वाचूनच ठरवा.

आता अर्थान्वयनाच्या नियमांविषयी. शब्दशः अर्थाचा नियम, सुवर्ण नियम (शब्दशः अर्थाने विपरीत निष्कर्ष निघत असेल तर तो टाळणारा) आणि दोषनिवारणाचा नियम हे तिन्ही तुम्ही पाठ कराल, करावेच लागतील. दोषनिवारणाचा नियम इंग्लंडमधल्या 1584 च्या हेडनच्या खटल्यातला: कायद्यापूर्वी स्थिती काय होती, कोणता दोष तिच्यात उरला होता, विधिमंडळाने कोणता उपाय योजला, आणि त्या उपायाचे खरे कारण काय, हे चार प्रश्न. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1955 च्या बेंगॉल इम्युनिटी खटल्यात, राज्यांच्या विक्रीकराच्या अधिकारावर मर्यादा घालणाऱ्या अनुच्छेद 286 चा अर्थ लावताना हेच प्रश्न विचारले. हे नियम म्हणजे आधी कोणता लावायचा हे ठरलेली क्रमवार यादी असावी, असे मी बरीच वर्षे समजत होते. तसे नाही, हे मला मुंबईच्याच एका खटल्याने शिकवले.

जे. जे. रुग्णालय समूहातल्या वॉर्ड सेवकांना औद्योगिक विवाद अधिनियम, 1947 खालची भरपाई न देता कामावरून कमी केले गेले. मुंबई राज्य विरुद्ध हॉस्पिटल मजदूर सभा हा त्यातून निघालेला 1960 चा निकाल न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांचा आहे. रुग्णालय हा ‘उद्योग’ आहे का, हा प्रश्न होता. व्याख्येत व्यवसाय, व्यापार, उपक्रम, निर्मिती असे शब्द ओळीने आलेले असल्यामुळे ‘उपक्रम’ या शब्दाचा अर्थ शेजारच्या शब्दांवरून मर्यादित करावा, तो व्यापारासारखाच असावा, असे राज्याचे म्हणणे होते. शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत्यांवरून ओळखावा, हा नियम खराच आहे. परंतु न्यायालयाने सांगितले की विधिमंडळाचा हेतू संदिग्ध असेल तेव्हाच हा नियम मदतीला घ्यायचा. जिथे शब्द मुद्दाम व्यापक वापरलेले आहेत तिथे तो लावून त्यांना आवळता येत नाही. व्याख्येत ‘म्हणजे’ आणि ‘यात समाविष्ट आहे’ हे दोन्ही प्रकार होते, आणि समावेशक व्याख्या सामान्यतः अर्थ वाढवण्यासाठी असते, हेही तिथे पाहायला मिळते. विड्याच्या पानाच्या खटल्यात शेजारच्या नोंदीने अर्थ आवळला, इथे शेजारचे शब्द तो आवळू शकले नाहीत. एका ठिकाणी विषय कराच्या सवलतीचा होता, दुसऱ्या ठिकाणी कामगारांच्या संरक्षणाचा, आणि दोन्हीकडे कायद्याची रचनाच वेगळी होती. कोणता नियम लागेल हे कायदा पूर्ण वाचल्यावरच कळते.

म्हणून माझी वाचण्याची पद्धत आता अशी आहे. अधिनियम हातात आला की आधी दीर्घ शीर्षक आणि उद्देशिका, मग विस्तार व प्रारंभ, मग व्याख्या, आणि लगेच शेवटची निरसन व व्यावृत्तीची कलमे (जुना कायदा रद्द करणारी आणि त्याखालचे काय टिकते ते सांगणारी) आणि अनुसूची. त्यानंतरच ज्या कलमासाठी आलो ते कलम, त्याच्या परंतुकासह (‘परंतु’ने सुरू होणाऱ्या अपवादासह) आणि स्पष्टीकरणासह. ‘काहीही अंतर्भूत असले तरी’ अशी सुरुवात दिसली की ते कलम नेमक्या कोणत्या तरतुदींवर मात करते हे समासात लिहून ठेवते. उद्देश व कारणांचे निवेदन मी शेवटी वाचते, कारण ते आधी वाचले की कलमात नसलेले शब्दही तिथे दिसू लागतात. हे सगळे केल्यावर हेडनोट, म्हणजे निकालपत्राच्या वर छापलेला सारांश, उघडते. नव्या मुलांच्या हातात आता शोधयंत्र आहे आणि एका मिनिटात वीस सायटेशन (निकालांचे संदर्भ) मिळतात. पण त्यांतली अर्धी वेगळ्या शब्दरचनेच्या कलमावरची असतात, हे कलम स्वतः वाचल्याशिवाय लक्षात येत नाही.

सुरुवात करायची असेल तर पाठ्यपुस्तकातल्या प्रकरणाआधी दोन निकालपत्रे पूर्ण वाचा. एक अकोल्याचे पानांचे. दुसरे 1977 चे, पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध वाशी अहमद, ज्यात ओले आले भाजी ठरले. तिथल्या विक्रीकर कायद्यातल्या नोंदीत नुसता ‘भाज्या’ हा शब्द नव्हता. ‘सब्जी, तरकारी किंवा साक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, हिरव्या किंवा वाळलेल्या भाज्या’ असे शब्द होते, म्हणजे इंग्रजी कायद्यातच बाजारातले देशी शब्द घातलेले होते. दोन्ही नोंदी एका कागदावर शेजारी शेजारी लिहून काढा, आणि आल्याचा प्रश्न अकोल्याच्या कायद्याखाली आला असता तर तुम्ही कोणत्या बाजूने काय मांडले असते, ते निकाल पुन्हा न उघडता दोन पानांत लिहा.